एका तळ्याचे पाच दिवस

हुबळीहून धारवाडकडे निघालं की उणकलचं तळं रस्त्यालगतच लागतं. विस्तार दोनशे एकरांच्या आसपास, मध्ये विवेकानंदांचा पुतळा, जवळच जुन्या गावात चालुक्यकालीन चंद्रमौळेश्वराचं देऊळ. मलप्रभेचं पाणी नळाने शहरात आलं त्याच्या कितीतरी आधी हुबळीची तहान या तळ्याने भागवली. आज त्याचं नाव निघतं ते काठच्या बागेमुळे, नाहीतर लांबून कुरण वाटावं अशा जलपर्णीमुळे. जागतिक दिनांच्या यादीत या एका तळ्याच्या वाट्याला किमान पाच दिवस येतात : २ फेब्रुवारी पाणथळ जागांचा, २२ मार्च पाण्याचा, २५ एप्रिल हिवतापाचा, ५ जून पर्यावरणाचा आणि १९ नोव्हेंबर शौचालयाचा. शेवटचा ऐकून हसू येईल, पण तळ्याशी सगळ्यात जवळचं नातं त्याचंच आहे. जलपर्णी वाढते ती सांडपाण्यातल्या नत्रावर आणि स्फुरदावर.

या तारखा तळ्याकडे पाहून ठरलेल्या नाहीत. २ फेब्रुवारी १९७१ ला इराणमधल्या रामसर गावी पाणथळ जागांचा करार झाला, ५ जून १९७२ ला स्टॉकहोमची परिषद सुरू झाली, तर जलदिनाचा ठराव संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर १९९२ मध्ये केला. म्हणजे मुळात या बैठकांमधून आलेल्या तारखा. त्यातली ५ जून आपल्याकडे रोपं लावण्याच्या मोसमात पडते, हा निव्वळ योग. कर्नाटकातली जुनी रीत याच्या नेमकी उलट. तळं भरून सांडव्यावरून पाणी वाहू लागलं, म्हणजे कन्नडमध्ये म्हणतात तशी ‘कोडी’ पडली, की बागिन अर्पण करायचं : सुपात हळदकुंकू, बांगड्या, खण, नारळ, धान्य. आपल्याकडची ओटीच ती. तिची तारीख छापील दिनदर्शिकेत सापडत नाही, ती पाण्याने ठरवायची.

मग हे जागतिक दिन गुंडाळून बागिनाकडेच परत जावं का? तसं म्हणणं सोपं आहे, पण खरं नाही. बागिनाचा दिवस तळं भरलं तरच उगवतो. कोरड्या वर्षी तो येतच नाही, आणि भरलेलं पाणी स्वच्छ आहे की गटाराचं, हे सूप विचारत नाही. ठरलेली तारीख मात्र तळ्याची अवस्था वाईट असतानाही दारात येऊन उभी राहते. हा तिचा मोठा गुण आहे. प्रश्न इतकाच, की ती येऊन काय विचारते. ‘जागृती’ हे उत्तर मला पुरेसं वाटत नाही. जलपर्णीने झाकलेलं तळं आजारी आहे हे काठावर फिरायला येणाऱ्याला फलक लावून सांगावं लागत नाही.

दिवस कामाला कसा येतो, याचा उत्तम दाखला आपल्याच देशात आहे. पल्स पोलिओची पहिली देशव्यापी फेरी ९ डिसेंबर १९९५ ला झाली. त्या दिवशी करायचं काम नेमकं होतं : प्रत्येक लहान मुलाला दोन थेंब. पुढे डोस घेतलेल्या मुलाच्या करंगळीला शाई लागू लागली आणि घराच्या भिंतीवर खडूने ‘पी’ किंवा ‘एक्स’ उमटू लागलं. माझ्या मते या मोहिमेचा जीव त्या ‘एक्स’मध्ये होता. जे राहिलं ते भिंतीवर लिहिलेलं असे आणि तिथे पुन्हा जावंच लागे. १३ जानेवारी २०११ नंतर भारतात नैसर्गिक पोलिओ विषाणूचा रुग्ण आढळला नाही, आणि २७ मार्च २०१४ ला आपला प्रदेश पोलिओमुक्त म्हणून प्रमाणित झाला. भित्तिचित्रं, मिरवणुका तेव्हाही होत्या, पण हिशेब त्यांचा ठेवला जात नव्हता.

यावर आक्षेप येईल की पोलिओला लस होती, तळ्याला कुठली लस देणार? आक्षेप रास्त आहे. जलपर्णी अनुकूल हवेत साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होते आणि तिचं बी गाळात पंधरा-वीस वर्षं जिवंत राहतं. ही वनस्पती मूळची दक्षिण अमेरिकेची. तिच्यावर जगणारे सोंडकिडे १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला भारतात आणले गेले. त्यांचा उपयोग होतो, पण सावकाश. यंत्राने तळं एकदा साफ केलं आणि सांडपाणी येतच राहिलं, तर ती सफाई म्हणजे पिकाची कापणीच ठरते. कोल्हापूरच्या रंकाळ्याला आणि पंचगंगेला हा अनुभव आहे. एका दिवसात तळं बरं होणार नाही हे उघडच आहे. पण ते मोजायला एक दिवस पुरतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत मासे जगण्याजोग्या पाण्यात विरघळलेला प्राणवायू लिटरला किमान ४ मिलिग्रॅम लागतो, अंघोळीच्या पाण्यात ५. हा आकडा काठावर उभं राहून काढता येतो. तळ्यात उतरणारी गटारांची तोंडं तर बोटांनी मोजायची.

मोजणीतून उत्सवाचा रंग जातो, अशीही तक्रार होईल. शेजारच्या गदग जिल्ह्यातलं मागडी तळं पाहा. तिथे हिवाळ्यात हिमालय ओलांडून पट्टकदंब हंस उतरतात, ते बघायला माणसं लांबून येतात. आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून दर जानेवारीत होते, आणि पक्षी मोजणाऱ्यांना तो दिवस सणाहून कमी वाटत नाही. जानेवारी २०२४ मध्ये मागडी रामसर यादीत गेलं. उणकल त्या यादीत नाही.

तेव्हा पाच दिवसांचे पाच समारंभ करण्याऐवजी उणकलच्या फाटकावर एकच फळा लावावा. त्यावर तीन रकाने : पाण्यातला प्राणवायू, जलपर्णीने व्यापलेला भाग, आणि अजून तळ्यात सांडपाणी सोडणारी गटारं. पाचही तारखांना आकडे भरायचे, पण आधीचे पुसायचे नाहीत. २ फेब्रुवारीला तिथे जाणाऱ्या शाळांनी घोषणांचे फलक घरी ठेवावेत आणि प्राणवायू तपासायचा संच सोबत न्यावा.