सिंहाचे कातडे आणि श्रद्धेचा कस : सी. एस. लुइस यांच्या ‘द लास्ट बॅटल’चा विचार

इंग्रजी बालवाङ्मयात सी. एस. लुइस (१८९८-१९६३) यांच्या नार्निया-मालेस महत्त्वाचे स्थान आहे. १९५० साली सुरू झालेल्या या सात कादंबऱ्यांच्या मालेचा शेवट १९५६ मधील ‘द लास्ट बॅटल’ने होतो. या कादंबरीस कार्नेगी पदक लाभले. मुलांसाठी लिहिलेल्या या पुस्तकात एक संपूर्ण जग नष्ट होते. परंतु त्या जगाचा पाया बाहेरच्या आक्रमणाने नव्हे, तर एका खोट्या देवामुळे खचतो. श्रद्धेची फसवणूक झाल्यावर श्रद्धेचे काय होते, या एकाच प्रश्नाच्या अनुषंगाने प्रस्तुत लेखात या कादंबरीचा विचार करावयाचा आहे.

कथेचा आरंभ वरवर पाहता विनोदी आहे. शिफ्ट नावाच्या धूर्त वानरास पाण्यात वाहत आलेले सिंहाचे कातडे सापडते. ते तो पझल या भोळ्या गाढवाच्या अंगावर चढवितो आणि नार्नियाचा उद्धारकर्ता सिंह अस्लान परतला आहे, असे जाहीर करतो. सिंहाचे वा वाघाचे कातडे पांघरलेले गाढव आपल्या वाचकांस पंचतंत्रामुळे परिचित आहे. ईसापच्या कथेत गाढव ते कातडे स्वतःच पांघरते. सिंहचर्म जातकात मात्र मालक ते त्याच्यावर घालतो आणि त्यास दुसऱ्याच्या शेतात चरावयास सोडतो. लुइस यांचे गाढव या जातककथेतील गाढवाच्या अधिक जवळचे आहे. तेही फसविणारे नसून फसवणुकीचे साधन आहे. भारतीय कथेत गाढव ओरडते आणि बिंग फुटते. शिफ्ट ती वेळच येऊ देत नाही. तो पझलला तबेल्यात दडवून ठेवतो, रात्री शेकोटीच्या उजेडात दुरून क्षणभर दाखवितो आणि देवाच्या वतीने स्वतःच बोलतो.

त्याचे बोलणे लक्षपूर्वक पाहण्याजोगे आहे. अस्लान हा माणसाळविलेला सिंह नव्हे, हे नार्नियातील जुने श्रद्धावचन. त्याचा मूळ आशय असा की, ईश्वर आपल्या सोयीने वागत नाही. वृक्षतोड, बोलक्या प्राण्यांची वेठबिगार अशा अन्यायाच्या आज्ञा सुटू लागतात, तेव्हा भाविक याच वचनाने स्वतःची समजूत घालतात. श्रद्धेस नम्र करणारे वचनच तिला मुकी करते. अस्लानचा आणि शत्रुराष्ट्र कॅलोर्मेनच्या टॅश या क्रूर देवाचा संबंध काय, असा सरळ प्रश्न जमावात विचारतो तो एक लहानसा कोकरू. त्यास उत्तर मिळते, ते दोघे एकच आहेत. हा सर्वधर्मसमभाव नव्हे. येथे दोन्ही देवांविषयी बेपर्वा असलेल्यांनी दोन्हींची नावे वापरली आहेत.

पुढे राजा टिरियन आणि त्याचे सोबती पझलची सुटका करतात. आता गाढव दाखविले की सत्य सिद्ध होईल, अशी त्यांची अपेक्षा असते. परंतु शिफ्ट आधीच घोषणा करतो की, एक दुष्ट गाढव सिंहाचे कातडे पांघरून अस्लान म्हणून हिंडत आहे! आता पुरावा पुढे आणला तरी तो असत्याचाच पुरावा ठरणार. संपूर्ण खोट्यापेक्षा सत्याची चिमूट घातलेले खोटे अधिक टिकाऊ असते, याचे इतके नेमके चित्रण प्रौढांच्या कादंबऱ्यांतही विरळा आढळते.

कादंबरीचे मर्म मात्र बुटक्यांच्या प्रसंगात आहे. टिरियन त्यांना पझल दाखवितो, गुलामगिरीतून सोडवितो, आणि ते कृतज्ञ होतील असे मानतो. ते उलट म्हणू लागतात की, एकदा फसलो, आता कोणताच अस्लान नको. पॉगिन नावाचा एकच बुटका पुढे टिरियनला येऊन मिळतो. शेवटी तबेल्याच्या दारापलीकडे प्रकाशमान प्रदेश पसरलेला असताना हे बुटके अंधारात बसल्याच्या समजुतीत राहतात. खुद्द अस्लानने दिलेली मेजवानी त्यांना गवत आणि जुन्या सलगमासारखी लागते. फसवणुकीची सर्वांत मोठी हानी खोट्यावर विश्वास बसण्यात नाही; खरे ओळखण्याची शक्ती नाहीशी होण्यात आहे, असे लुइस यांस म्हणावयाचे आहे.

येथे एक आक्षेप नोंदविणे आवश्यक वाटते. वाचकास खरा अस्लान आधीच्या पुस्तकांतून ठाऊक आहे. बुटक्यांनी त्यास कधी पाहिलेले नाही. त्यांचा संशय अनुभवातून आलेला आहे. लेखकाने जितका दोष त्यांच्या पदरी घातला आहे, तितका तो त्यांचा खचितच नाही. लुइस स्वतः तरुणपणी नास्तिक होते आणि १९३१ साली ख्रिस्ती श्रद्धेकडे परतले. त्या मानाने संशयी मनाविषयी त्यांची सहानुभूती येथे तोकडी पडते. सावळ्या वर्णाच्या, पौर्वात्य वळणाच्या कॅलोर्मेन लोकांचे चित्रणही आज खटकते.

तथापि, त्याच लोकांतील एमेथ हा तरुण सैनिक या दोषास काही अंशी छेद देतो. हिब्रू भाषेत या शब्दाचा अर्थ ‘सत्य’ असा आहे. त्याने आयुष्यभर निष्ठेने टॅशची भक्ती केली. आपल्या देवाचे दर्शन घेण्यासाठी तो प्राणाची पर्वा न करता तबेल्यात शिरतो. त्याची ती सेवा आपल्यालाच पोहोचली, असे अस्लान त्यास सांगतो. देवाचे नाव चुकले तरी शोध प्रामाणिक होता. उलट जिंजर हे बोलके मांजर कोणताच देव मानत नाही. तबेल्यात काही नाही या खात्रीने आत जाते आणि वाचा गमावून बाहेर पडते.

राहता राहिला पझल. जातकातील गाढव शेतकऱ्यांच्या माराने मरते. पझल मात्र खऱ्या सिंहासमोर लाजेने चूर होऊन येतो. अस्लान त्याच्याशी हळू आवाजात काही बोलतो, तेव्हा त्याचे कान पडतात. मग आणखी काही बोलतो, तेव्हा ते पुन्हा उभे राहतात. ते शब्द कोणते, हे जवळ उभ्या असलेल्या माणसांना ऐकू येत नाही, आणि लुइस ते वाचकासही सांगत नाहीत.