मंत्रालयातली मासेमारी

आमच्या घरातले पुरुष रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं जाळं, ओढतात, बायका मासळी विकतात. निवेदनं लिहिणारी मी पहिलीच. मालवणच्या पारंपरिक मच्छीमारांसाठी कायदे वाचायचे, अधिसूचना सोप्या करून सांगायच्या, अधिकाऱ्यांना भेटायचं, अधिवेशनाआधी आमदारांना प्रश्न लिहून द्यायचे, हा माझा उद्योग. काका चिडवतात, "आमी दर्यात जाळा टाकतव, तू मंत्रालयात."

मंत्रालयातच का? कारण राज्यघटनेनं मासेमारी हा विषय राज्याकडे दिला आहे. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत महाराष्ट्राचा कायदा चालतो, त्यापलीकडे केंद्राचा. बोटवाल्यांना ही हद्द तोंडपाठ असते. पर्ससीन जाळ्याच्या बोटवाल्याला विचारा, मासळी कुठे मारली? उत्तर ठरलेलं: "बाराच्या बाहेर."

आमचा मुख्य आधार म्हणजे महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१. सरकारनं बंधनं घालताना काय पाहावं, हे त्यात सांगितलं आहे: पारंपरिक मच्छीमारांचं हित, मासळीचं संवर्धन आणि समुद्रातली शांतता-सुव्यवस्था. "आमच्यावर अन्याय झाला" एवढंच लिहिलेला अर्ज फाइलीत पडून राहतो. हंगाम, जाळ्याचा आस (छिद्राचा आकार), किती वाव खोल पाण्यात जाळं टाकलं, हे सगळं नोंदवून तो या तीन मुद्द्यांना बांधला, तर निदान उत्तर तरी द्यावं लागतं.

पर्ससीन जाळं माशांच्या अख्ख्या थव्याला वेढा घालतं आणि खालून दोरी आवळून बटव्यासारखं बंद होतं. बांगडा, तारली थव्यानं फिरतात. ते असे एकाच वेढ्यात जातात, मग किनाऱ्यावरच्या रापणीला काय उरणार? ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशानं राज्यानं या जाळ्यांवर निर्बंध घातले. मग पर्ससीनच्या जोडीला एलईडी मासेमारी आली. रात्री झगझगीत दिवे लावायचे, मासे जमले की उचलायचे. केंद्रानं नोव्हेंबर २०१७ मध्ये आपल्या हद्दीत हा प्रकार बंद केला. पण राज्याच्या जुन्या कायद्यात दंड सापडलेल्या मासळीच्या किमतीवर बेतलेला होता. किंमत कमी लागली की दंडही आटायचा. २०२१ च्या दुरुस्तीनं एलईडी मासेमारीला ५ ते २० लाखांचा दंड लावला आणि सुनावणी तहसीलदारांकडून मत्स्यव्यवसाय खात्याच्या अधिकाऱ्यांकडे आणली. तहसीलदारांच्या टेबलावर सातबारा, दाखले आणि निवडणुकांच्या गर्दीत मासळीचा नंबर कधी लागणार होता?

इथवरची लढाई सोपी, कारण समोरचा परका असतो. २०२३ मध्ये केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या शिफारशीवरून राज्यानं ५४ जातींसाठी किमान आकार ठरवला: पापलेट १३५ मिलीमीटर, बोंबील १८०, घोळ ७००. माशाला निदान एकदा अंडी घालू द्यावी, हा हेतू. त्याच वर्षी पापलेट राज्यमासाही झाला. मी आनंदानं बैठकीत अधिसूचना वाचून दाखवली, तर आमचीच माणसं गप्प. मग एका म्हाताऱ्या रापणकरानं विचारलं, "बारीक मासो जाळ्यात इलो तर त्याका पट्टी लावूची?"

प्रश्न रास्त होता. जाळं ओढेस्तोवर बहुतेक पिल्लं मेलेली असतात. ती परत टाकली तर नुकसान रापणकराचं. घेणाऱ्या गिऱ्हाइकाचं आणि व्यापाऱ्याचं काहीच जात नाही. संवर्धनाच्या गोष्टी करणाऱ्यांनी नियमाचा खर्च कोणाच्या पदरात पडतो हे आधी सांगावं, असं मला तेव्हापासून वाटतं.

असा खर्च भरून देण्याचं चांगलं उदाहरण आपल्याकडेच आहे. जाळ्यात कासव किंवा देवमुशी (व्हेल शार्क) अडकली, तर ती सोडवण्यासाठी जाळं कापावं लागतं. नुसत्या कायद्याच्या धाकानं हजारो रुपयांच्या जाळ्यावर सुरी कोण चालवील? डिसेंबर २०१८ पासून वन विभागाचा कांदळवन कक्ष आणि मत्स्यव्यवसाय खातं अशा फाटलेल्या जाळ्यासाठी २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देतात. त्यासाठी प्राणी सोडल्याचे फोटो द्यावे लागतात. मच्छीमाराची समजूत घालायला मग भाषण लागत नाही, फोटो काढायचा मोबाइल पुरतो.

म्हणून आता आमच्या प्रत्येक निवेदनात एक जादा परिच्छेद असतो: हा नियम पाळला तर कोणाचं किती नुकसान, आणि ते कोणी भरून द्यायचं. किमान आकाराची तपासणी लिलावाच्या जागी आणि बर्फाच्या गाडीपाशी करा, मोठ्या आसाची जाळी घ्यायला अनुदान द्या, आणि दंडाची पावती आधी घाऊक खरेदीदाराच्या नावे फाडा, ही सध्याची मागणी. त्यावर व्यापारी नाराज आहेत. पुढच्या बैठकीला मी त्यांनाही बोलावलं आहे.