हृदयशस्त्रक्रिया, संप्रेरके आणि रक्तदाब

हृदयशस्त्रक्रियेनंतर घरी निघालेल्या रुग्णाच्या हाती औषधांची यादी दिली, की नातेवाईक हमखास विचारतात, "दहा वर्षे चालू असलेली बी.पी.ची गोळी यात का नाही?" काहींचा प्रश्न नेमका उलट असतो. ज्यांना रक्तदाबाचा विकार कधी नव्हता, त्यांच्या यादीत नवी गोळी आलेली असते. बाह्यरुग्ण विभागाच्या धावपळीत याचे सविस्तर उत्तर देणे नेहमीच शक्य होत नाही, म्हणून ते येथे देत आहोत.

रक्तदाब केवळ हृदयाच्या आकुंचनावर ठरत नाही. रक्तवाहिन्या किती आवळलेल्या आहेत आणि शरीरात मीठ-पाणी किती आहे, यांवरही तो अवलंबून असतो. या दोहोंचे नियमन बव्हंशी संप्रेरके करतात. मूत्रपिंडांना रक्तपुरवठा अपुरा पडला, की ती रेनिन नावाचे द्रव्य सोडतात. (टिगरस्टेट व बर्गमन या संशोधकांना ते १८९८ साली स्टॉकहोम येथे सशाच्या मूत्रपिंडात आढळले.) रेनिनमुळे रक्तात अँजिओटेन्सिन तयार होते. मुख्यत्वे फुप्फुसांतून जाताना ते प्रखर रूप धारण करते, रक्तवाहिन्या आवळते आणि अधिवृक्क ग्रंथींना अल्डोस्टेरॉन स्रवण्यास लावते. अल्डोस्टेरॉन मीठ राखून ठेवते व पोटॅशियम लघवीवाटे घालवते. याच ग्रंथी अ‍ॅड्रेनॅलीनही देतात. मेंदूच्या तळाशी असलेल्या पियूषिका ग्रंथीतून व्हासोप्रेसिन येते. तेही वाहिन्या आवळते व लघवी रोखते.

या साऱ्यांना आवर घालणारे एक संप्रेरक मात्र खुद्द हृदयातच तयार होते. अलिंदाची भिंत ताणली गेली, की ते रक्तात उतरते, वाहिन्या सैल करते आणि जादा मीठ-पाणी बाहेर टाकते. कॅनडातील आदोल्फो दी बोल्द यांनी १९८१ साली उंदरांवरील प्रयोगांतून हे दाखवून दिले. ज्याला आपण निव्वळ पंप समजत आलो, ते हृदय एक ग्रंथीही आहे, हे वैद्यकाला इतक्या उशिरा उमगावे याचे नवल वाटते.

आता शस्त्रक्रियेकडे वळू. जॉन गिबन यांनी मे १९५३ मध्ये फिलाडेल्फिया येथे हार्ट-लंग मशीनच्या साह्याने हृदयावरील पहिली यशस्वी शस्त्रक्रिया केली. तेव्हापासून या यंत्रात पुष्कळ सुधारणा झाल्या. तथापि शरीराच्या दृष्टीने तो प्रसंग आजही विलक्षणच आहे. यंत्रातील द्रवामुळे रक्त पातळ होते, शरीर बहुधा थंड केले जाते, आणि नाडीच्या ठोक्यांऐवजी रक्ताचा एकसंथ प्रवाह वाहू लागतो. मूत्रपिंडांना ही टंचाईच भासते व रेनिन वाढते. हृदय रिकामे झाल्याने अलिंदांवरील ताण नाहीसा होतो. परिणामी पियूषिकेतून व्हासोप्रेसिन मोठ्या प्रमाणावर सुटते. नॉरअ‍ॅड्रेनॅलीनचा काही भाग एरवी फुप्फुसे रक्तातून काढून टाकतात. त्या काळात फुप्फुसेच प्रवाहाबाहेर असल्याने तेही साचते. धडधडत्या हृदयावर, यंत्राविना, बायपास केली तरी भुलीचा व चिरफाडीचा ताण उरतोच.

म्हणूनच अतिदक्षता विभागात पहिल्या काही तासांत काही रुग्णांचा रक्तदाब एकाएकी चढतो. काहींचा मात्र, हृदय उत्तम चालत असतानाही, खाली घसरतो. अशा वेळी रक्तवाहिन्या सैल पडलेल्या असतात. यांपैकी अनेकांच्या रक्तात व्हासोप्रेसिन हवे त्यापेक्षा कमी आढळते. मग नॉरअ‍ॅड्रेनॅलीन किंवा व्हासोप्रेसिन शिरेवाटे थेंबाथेंबाने द्यावे लागते. अँजिओटेन्सिनची निर्मिती रोखणाऱ्या गोळ्या घेत असलेल्यांना हा धोका अधिक असतो. या कारणास्तव त्या गोळ्या शस्त्रक्रियेपूर्वी पुष्कळदा थांबवल्या जातात. दाखल होताना घरची सर्व औषधे दाखवा, असा आग्रह आम्ही धरतो तो यासाठी. काचेपलीकडून मॉनिटरवरील आकडे पाहून घाबरणाऱ्या आप्तांनीही हे ध्यानी घ्यावे, की यांतले बरेच चढउतार अपेक्षित असतात व परिचारिका त्यांवर क्षणोक्षणी लक्ष ठेवून असतात.

पुढील काही दिवस शरीर मीठ-पाणी धरून ठेवते. पाय सुजतात, वजन वाढते आणि लघवी वाढवणारी औषधे द्यावी लागतात. अल्डोस्टेरॉन व ही औषधे मिळून पोटॅशियम कमी करतात. ते घटले तर हृदयाची लय बिघडू शकते. रक्त वारंवार तपासण्याचे कारण हेच.

झडपेच्या रुग्णांची गोष्ट थोडी निराळी. ऱ्हुमॅटिक तापाने अरुंद झालेल्या झडपेमागे डावे अलिंद वर्षानुवर्षे ताणलेले असते व तेथील संप्रेरक रक्तात सतत वाढलेले असते. झडप बदलली, की ताण ओसरतो आणि संप्रेरकही उतरते. महाधमनीची अरुंद झडप बदलल्यावर तर, आजवर दबून राहिलेला रक्तदाब वाढलेला दिसू शकतो. अशा रुग्णाला जुनी मात्रा गैरलागू ठरते.

राज्य शासनाची जीवनदायी आरोग्य योजना २०१३ मध्ये राज्यभर लागू झाली. २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते. तिच्यामुळे पैठण, कन्नड, वैजापूर, सिल्लोड या तालुक्यांतील सामान्य शेतकऱ्यालाही हृदयशस्त्रक्रिया आवाक्यात आली. परंतु घरी गेल्यावर फडताळातील उरलेल्या जुन्या गोळ्या पुन्हा सुरू होतात, किंवा बरे वाटते म्हणून नव्या बंद होतात, आणि रुग्ण चक्कर येऊन पडतो अथवा दम लागून परत येतो. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात लघवीच्या गोळ्या चालू असताना घाम व जुलाब यांनी रक्तदाब फार उतरतो. उलटपक्षी लोणचे-पापडांतील मिठाने पुन्हा सूज येते. वजन दररोज सकाळी करावे. दोन दिवसांत ते दोन किलोने वाढले, किंवा उभे राहताच अंधारी आली, तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता दूरध्वनी करावा. तपासणीस येताना जुनी व नवी दोन्ही औषधे आणि घरी मोजलेल्या रक्तदाबाची वही सोबत आणावी.