लेखांक ६ : ध्येय कोणी ठरवायचं?

मुलाचं पहिलं मूल्यमापन ऑक्युपेशनल थेरपिस्ट कसं करतात, ते गेल्या आठवड्यात पाहिलं. त्यानंतर ठरतं ते ध्येय. थेरपी घरात टिकणार की नाही, हे बरंचसं इथेच ठरतं.

सेरेब्रल पाल्सी असलेली सहा वर्षांची मुलगी डोळ्यांपुढे आणा. कागदावर ध्येय असतं : हाताची पकड सुधारणे. घरच्यांची निकड वेगळीच. सकाळी शाळेची रिक्षा दारात उभी राहते आणि आजी घाईघाईनं भरवत असते. पोरीनं निदान चार घास स्वतः खावेत, एवढंच त्यांना हवं असतं. पकड तर चमचा धरतानाही सुधारते. मग सरावासाठी मणी ओवण्याऐवजी चमचाच का नको?

आपल्याकडे ऑक्युपेशनल थेरपीचं शिक्षण १९५० साली कमला निंबकर यांनी मुंबईच्या केईएम रुग्णालयात सुरू केलं. आणि रुग्णालय म्हटलं की डॉक्टरांनी सांगायचं आणि आपण मान डोलवायची, ही आपली जुनी सवय. थेरपीच्या खोलीतही ती आपल्याबरोबर येते. तिथे मात्र ती नडते.

कॅनडात १९९१ साली प्रसिद्ध झालेलं ‘सीओपीएम’ हे ध्येय ठरवण्यासाठीचं साधन सुरुवातच प्रश्नानं करतं : रोजच्या कोणत्या कामात अडतं? पालक, आणि जमेल तिथे मूल स्वतः, त्या कामाला १ ते १० गुण देतात. ते किती महत्त्वाचं, सध्या कितपत जमतं, त्याबद्दल समाधान किती. काही काळानं जमण्याचे आणि समाधानाचे गुण पुन्हा घेतात. थेरपीचा उपयोग झाला का, हे सांगण्याचा अधिकार अशा रीतीनं घरच्यांकडेही येतो.

आता चमच्याकडे येऊ. पाय लोंबकळत असतील तर धड डगमगतं आणि हाताला नेम राहत नाही. म्हणून आधी पायांखाली पाट. ताट सरकू नये म्हणून खाली ओलं फडकं. पातळ आमटी नको, चमच्याला धरून राहील असा घट्ट वरणभात. सुरुवातीला मोठ्यांनी मुलीच्या हाताला धरून चमचा ओठांपर्यंत न्यायचा, शेवटचं दोन बोटं अंतर तिनं एकटीनं. ते जमलं की हात थोडा आधी सोडायचा. शेवटची पायरी तिची असल्यानं प्रत्येक घास तिनंच पुरा केलेला असतो.

इथे आजी म्हणते, “अहो, सकाळी हे करत बसलो तर पोर उपाशी जाईल शाळेत.” याला विरोध समजणं ही मोठी चूक. आजीनं दिलेली ती माहिती आहे. सराव संध्याकाळच्या खाण्याला ठेवावा, सकाळी खुशाल भरवावं. घड्याळ घरच्यांनाच ठाऊक असतं.

आणखी एक गोष्ट मला कळकळीनं सांगायची आहे. भागीदारी म्हणजे सगळा भार आईच्या अंगावर टाकणं नव्हे. व्यायामांची लांबलचक यादी आईच्या हाती देऊन ‘घरी करून घ्या’ म्हणणं अन्यायाचं आहे. आंघोळ, कपडे, जेवण यांत सामावेल तेवढंच द्यावं, आणि ते बाबा, आजोबा, मावशी यांनाही शिकवावं.

पालकांनो, पुढच्या भेटीला जाताना घरात रोज जिथे अडतं अशी एक गोष्ट ठरवून जा आणि थेरपिस्टना ती आधी सांगा. सुचवलेलं जमत नसेल, तर तेही मोकळेपणानं सांगा.