शून्य अंशाच्या काठावरचा उन्हाळा

स्वीडनच्या उत्तर टोकाला, आर्क्टिक वृत्ताच्याही सुमारे 200 किलोमीटर उत्तरेस, टोर्नेट्रेस्क या लांबट सरोवराच्या दक्षिण काठावर अबिस्को नावाची छोटी वस्ती आहे. किरुना येथील लोहखनिज नॉर्वेच्या नार्विक बंदरापर्यंत नेण्यासाठी बांधलेला रेल्वेमार्ग 1903 मध्ये समारंभपूर्वक खुला झाला आणि त्याच मार्गाने या रानात हौशी प्रवासी व शास्त्रज्ञ असे दोघेही येऊ लागले. 1909 मध्ये स्वीडनने युरोपातील पहिली राष्ट्रीय उद्याने स्थापन केली. त्या नऊ उद्यानांमध्ये 77 चौरस किलोमीटरच्या अबिस्कोचा समावेश होता. पश्चिमेकडे काही अंतरावर उभारलेले मूळ संशोधन केंद्र 1910 मध्ये आगीत जळाल्यावर ते अबिस्कोला हलवण्यात आले आणि 1913 पासून तेथे हवामानाच्या रोजच्या नोंदी ठेवल्या जात आहेत. उन्हाळी सहलीला येणारा माणूस येथे जी घळ, जो डोंगर, जे रान आणि जी दलदल पाहतो, त्यांतील बहुतेक ठिकाणे शास्त्रज्ञांनी पिढ्यान्‌पिढ्या मोजलेली आहेत. त्यामुळे हे सौंदर्य कशातून घडले आणि आता कोणत्या दिशेने सरकत आहे, हे येथे बऱ्याच नेमकेपणाने सांगता येते.

मध्यरात्रीचे ऊन

येथील उन्हाळ्याचे सर्वांत मोठे आकर्षण म्हणजे मेअखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत न मावळणारा सूर्य. पृथ्वीचा अक्ष सुमारे साडेतेवीस अंशांनी कललेला असल्यामुळे जून महिन्यात उत्तर ध्रुवाकडचा भाग सूर्याकडे झुकलेला असतो आणि आर्क्टिक वृत्ताच्या उत्तरेकडील ठिकाणे पृथ्वीच्या संपूर्ण फेरीत प्रकाशातच राहतात. अबिस्कोचे अक्षांश सुमारे 68.35 अंश उत्तर असल्याने 21 जूनच्या सुमारास भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून केवळ 45 अंशांवर असतो, तर मध्यरात्री तो उत्तरेकडे जेमतेम 2 अंशांपर्यंत उतरतो. सूर्यबिंबाचा आकाशातील व्यास अर्धा अंश असतो हे ध्यानात घेतले, तर मध्यरात्रीचा सूर्य क्षितिजाच्या वर अवघ्या चार बिंबांइतका उरतो, असे म्हणता येईल. सरोवरापलीकडच्या डोंगररांगा इतका खाली आलेला सूर्य सहज झाकू शकतात आणि म्हणूनच तो नीट पाहण्यासाठी प्रवासी नुओल्या डोंगराच्या उतारावर चढून जातात. मध्यरात्रीची वेळही घड्याळाच्या बारा वाजता येत नाही. स्वीडनची प्रमाणवेळ 15 अंश पूर्व रेखांशावरून ठरते, अबिस्को त्याच्या पूर्वेस आहे आणि उन्हाळ्यात घड्याळे तासभर पुढे केलेली असतात, या सर्वांचा हिशेब केल्यास सूर्य सर्वांत खाली येतो तो पाऊण वाजण्याच्या सुमारास.

वातावरणाच्या माथ्यावर मोजल्यास जूनमधील दिवसभराची एकूण सौरऊर्जा या अक्षांशावर विषुववृत्तापेक्षा अधिक भरते, आणि तरीही जुलैचे सरासरी तापमान 11 ते 12 अंश सेल्सिअसच्या आसपासच राहते. तिरप्या किरणांना वातावरणाचा जाड थर ओलांडावा लागतो, बर्फ व ढग बराच प्रकाश परत फेकतात आणि जी उष्णता पोहोचते तिचा मोठा वाटा साठलेले बर्फ वितळवण्यात खर्ची पडतो. सुमारे 70 किलोमीटर लांब आणि 168 मीटरपर्यंत खोल असलेल्या टोर्नेट्रेस्कवरील बर्फ अनेक वर्षी जून उजाडल्यावरच फुटतो. अखंड प्रकाश आणि अपुरी ऊब या विसंगत जोडीशी जमवून घेणे हाच येथील सजीवांपुढचा मुख्य प्रश्न असतो. रेनडिअरच्या हालचालींचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांना असे आढळले आहे की, अधिक उत्तरेकडील स्वालबार्ड बेटांवर राहणाऱ्या रेनडिअरच्या वागण्यातून उन्हाळ्यात दिवस-रात्रीची लय जवळजवळ नाहीशी होते आणि चरणे व रवंथ करणे या क्रिया घड्याळापेक्षा पोटाच्या गरजेनुसार चालतात.

घळ, खडक आणि फुले

पर्यटकनिवासापासून काही पावलांवरच अबिस्को नदीने कोरलेली घळ लागते आणि तिच्या उभ्या भिंतींमध्ये करड्या शिस्ट खडकाच्या थरांबरोबर पिवळसर डोलोमाइटचे पट्टे दिसतात. शिस्ट म्हणजे प्रचंड दाबाखाली रूपांतरित झालेला, पापुद्र्यांनी सुटणारा खडक, तर डोलोमाइट हा कॅल्शियम व मॅग्नेशियम यांच्या कार्बोनेटचा बनलेला, चुनखडीशी नाते असलेला खडक होय. अतिउत्तरेकडील बऱ्याचशा मातीत आम्लता जास्त असते. येथे मात्र डोलोमाइटच्या झिजेतून चुना मिसळत राहिल्याने चुनखडीची आवड असलेल्या वनस्पतींची येथे रेलचेल झाली आहे. घळीच्या आग्नेयेकडे क्षितिजावर लाप्पोर्टेन ही प्रसिद्ध खिंड दिसते. नदी दरीला इंग्रजी व्ही अक्षरासारखा निमुळता आकार देते, तर हिमनदी तळ आणि दोन्ही कडा एकाच वेळी खरवडत जात असल्याने दरीला यू अक्षरासारखा पसरट तळ आणि उभ्या कडा लाभतात. लाप्पोर्टेन हे त्याचे ठसठशीत उदाहरण आहे. या प्रदेशावरची हिमचादर सुमारे 10 हजार वर्षांपूर्वी विरघळली, त्यामुळे नदीची घळ ही भूशास्त्राच्या मापाने अगदी अलीकडची रचना ठरते.

या चुनखडीयुक्त उतारांवर जूनमध्ये ड्रायस ही जमिनीसरशी पसरणारी, बहुधा आठ पांढऱ्या पाकळ्यांची वनस्पती फुलते. तिचे फूल खोलगट वाटीच्या आकाराचे असते आणि ते दिवसभर सूर्याकडे तोंड वळवत राहते. पाकळ्यांवरून परावर्तित झालेला प्रकाश मध्यभागी एकवटतो आणि तेथील तापमान भोवतालच्या हवेपेक्षा काही अंशांनी वाढते. या उबेमुळे बी लवकर धरते, शिवाय थंडीने मंदावलेले कीटक ऊब घेण्यासाठी फुलात येऊन बसतात आणि परागकण वाहून नेतात. ध्रुवप्रदेशातील डासही अशा फुलांना भेट देतात. जूनअखेरीपासून प्रवाशांना हैराण करणाऱ्या या डासांच्या अनेक जातींच्या माद्या ओलसर जमिनीत अंडी घालतात, ती अंडी हिवाळाभर तशीच टिकतात आणि पुढील वसंतात बर्फाचे पाणी साचले की उबतात. त्यामुळे डासांची झुंबड एकाच वेळी उडते.

कमी पाऊस हेही अबिस्कोचे एक वैशिष्ट्य आहे. अटलांटिक महासागरावरून येणारे बाष्पयुक्त वारे नॉर्वेच्या सीमेवरील डोंगरांवर चढताना थंड होऊन बरसतात आणि पलीकडे उतरताना कोरडे होतात. सुमारे 35 किलोमीटर पश्चिमेस असलेल्या रिक्सग्रेन्सेन येथे पडणाऱ्या पाऊस-बर्फाच्या साधारण एक तृतीयांशच वाटा, म्हणजे वर्षाकाठी 300 मिलिमीटरांच्या आसपास, अबिस्कोला मिळतो. घाटमाथ्यावर कोसळणारा पाऊस माण-खटावपर्यंत पोहोचताना ज्या पर्जन्यछायेमुळे आटतो, तिचेच हे उत्तरेकडील रूप आहे. उघडे आकाश मिळण्याची शक्यता त्यामुळे वाढते आणि पर्यटनाला त्याचा फायदा होतो.

भूर्जांचे रान

डोंगराच्या पायथ्याशी सर्वत्र बुटक्या, वाकड्यातिकड्या बुंध्यांच्या भूर्जवृक्षांचे रान पसरलेले आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे 600 ते 700 मीटर उंचीवर ते संपते आणि पुढे झुडपे, शेवाळ व दगडफूल एवढेच उरते. झाडे जेथे थांबतात त्या सीमेला वृक्षरेषा म्हणतात. वनस्पतिशास्त्रज्ञ थोरे फ्रीस यांनी 1917 पासून ही रेषा ओलांडणाऱ्या नुओल्याच्या उतारावर, माथ्यापासून पायथ्यापर्यंत, कोणती वनस्पती केव्हा फुलते याच्या नोंदी केल्या होत्या. शंभर वर्षांनी, 2017 मध्ये, तोच उतार पुन्हा तपासण्याचे काम सुरू झाले.

भूर्जवनाचा मोठा शत्रू म्हणजे शरद ऋतूत उडणारा एक करडा पतंग. त्याची मादी भूर्जाच्या फांद्यांवर अंडी घालते, वसंतात पालवीबरोबरच अळ्या बाहेर पडतात आणि साधारण दहा वर्षांच्या अंतराने त्यांची संख्या इतकी भडकते की ऐन उन्हाळ्यात अख्खे डोंगरउतार पर्णहीन होतात. 1950 च्या दशकाच्या मध्यास अबिस्कोच्या खोऱ्यात झालेल्या अशा उद्रेकाने रानाची मोठी हानी केली. ही अंडी थंडीला सहजासहजी दाद देत नाहीत. तापमान उणे 35 अंशांच्या खाली गेले तरच ती मोठ्या प्रमाणात मरतात. शांत हिवाळी रात्री जड थंड हवा उतारांवरून घरंगळून दरीच्या तळाशी साचते आणि तेथे वरच्यापेक्षा अधिक गारठा पडतो, ज्याला तापमानाची विपरीतता म्हणतात. म्हणून तळाजवळची झाडे पुष्कळदा वाचतात आणि उतारावरची बळी पडतात. अतिथंड रात्री कमी होऊ लागल्या, तर रानाचे हे संरक्षणही दुबळे होणार, हे उघड आहे.

अळ्यांच्या आणि डासांच्या सुकाळावर या रानातील पक्षी पिल्ले वाढवतात. त्यांतील ब्लूथ्रोट या चिमणीएवढ्या पक्ष्याच्या नराच्या गळ्यावर झगझगीत निळा पट्टा आणि मधोमध तांबूस ठिपका असतो. नॉर्वेतील पक्ष्यांवर प्रकाशाची नोंद ठेवणारी इवलीशी यंत्रे बसवून केलेल्या अभ्यासातून त्यांचा हिवाळी मुक्काम भारतीय उपखंडात असल्याचे दिसून आले आहे. महाराष्ट्रातील तळ्यांच्या काठी हिवाळ्यात दिसणारी ही जात उन्हाळ्यात अशाच भूर्जवनांत घरटी करते.

दलदलीखालचा बर्फ

अबिस्कोच्या पूर्वेस सुमारे 10 किलोमीटरवर असलेल्या स्टोरडालेन या दलदलीत फळ्यांच्या अरुंद पायवाटेवरूनच फिरावे लागते. येथे अधूनमधून एक-दोन मीटर उंचीचे कोरडे उंचवटे दिसतात आणि त्यांच्या पोटात बर्फ असते. सलग दोन किंवा अधिक वर्षे शून्य अंशाखाली राहणाऱ्या जमिनीला पर्माफ्रॉस्ट म्हणतात. तिच्यावरील जो थर उन्हाळ्यात वितळतो आणि हिवाळ्यात पुन्हा गोठतो, तो सक्रिय थर होय. वर साचलेले, अर्धवट कुजलेले शेवाळ, म्हणजेच पीट, कोरडे असताना उष्णतेला आत शिरू देत नाही आणि त्यामुळेच हे बर्फ उन्हाळ्यातही टिकते. 1978 पासून टोर्नेट्रेस्कच्या परिसरातील दलदलींमध्ये झालेल्या मोजणीत मात्र सक्रिय थराची जाडी वर्षाला सरासरी सुमारे एक सेंटीमीटरने वाढल्याचे आढळले आहे.

उंचवट्यातले बर्फ वितळले की तो खचतो, त्या जागी पाणी साचते, शेवाळाच्या जागी कापूसगवत आणि लव्हाळ्यासारख्या वनस्पती येतात आणि प्राणवायूविरहित चिखलात मिथेन तयार करणाऱ्या सूक्ष्मजीवांना रान मोकळे मिळते. शंभर वर्षांच्या हिशेबाने मिथेनची उष्णता धरून ठेवण्याची क्षमता तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 28 पट आहे. येथील अशा एका सूक्ष्मजीवाला 2014 मध्ये या दलदलीवरूनच मिथेनोफ्लोरेन्स स्टोरडालेनमिरेन्सिस हे नाव देण्यात आले. प्रवाशाला जे हिरवेगार, कापसाच्या पांढऱ्या बोंडांनी भरलेले मनोहर कुरण वाटते, ते पुष्कळदा नुकत्याच वितळलेल्या पर्माफ्रॉस्टचे चिन्ह असते.

उंची गमावलेले शिखर

अबिस्कोपासून दक्षिणेकडे हेमावानपर्यंत जाणारी कुंग्सलेडेन ही सुमारे 440 किलोमीटरची पायवाट उत्तर युरोपातील नामांकित पदभ्रमणमार्गांपैकी एक आहे. पहिल्या काही दिवसांत ती सामी समाजाच्या रेनडिअर चरण्याच्या प्रदेशातून जाते. जून-जुलैमध्ये तेथे पाडसांच्या कानांवर मालकाची खूण करण्याचे काम चालते आणि उष्णता व माश्या टाळण्यासाठी ते बहुधा रात्रीच्या गारव्यात उरकले जाते. दिवसा माश्यांपासून सुटका करून घेण्यासाठी कळप शिल्लक राहिलेल्या बर्फाच्या पट्ट्यांवर जाऊन उभे राहतात. अशा वेळी त्यांना हुसकावू नये, अशी प्रवाशांकडून अपेक्षा असते.

याच वाटेवरून पुढे स्वीडनमधील सर्वोच्च पर्वत केब्नेकाइसे गाठता येतो. त्याला दोन शिखरे आहेत; उत्तरेकडचे 2096.8 मीटर उंचीचे शिखर खडकाचे आहे, तर दक्षिणेकडचे शिखर म्हणजे खडकावर बसलेला हिमाचा माथा आहे. पिढ्यान्‌पिढ्या दक्षिण शिखर उंच मानले जाई. परंतु सप्टेंबर 2019 मध्ये स्टॉकहोम विद्यापीठाच्या संशोधकांनी केलेल्या मोजणीत ते 2095.6 मीटर भरले आणि सर्वोच्चपदाचा मान उत्तर शिखराकडे गेला. त्याच पर्वताच्या कुशीतील टार्फाला केंद्राने स्टोरग्लेसिएरेन या हिमनदीचा ताळेबंद, म्हणजे वर्षभरात साठलेले आणि वितळलेले बर्फ यांतील फरक, 1945-46 पासून सलग मांडला असून हिमनद्यांच्या अशा नोंदींमध्ये ती जगातील सर्वांत दीर्घ अखंड मालिका आहे.

या सर्व निरीक्षणांना जोडणारा दुवा अबिस्कोच्या तापमाननोंदींत सापडतो. 1913 ते 2006 या काळात येथील वार्षिक सरासरी तापमान सुमारे अडीच अंशांनी वाढले आणि पूर्वी बहुतेक वर्षी शून्याखाली राहणारी ही सरासरी अलीकडच्या काळात शून्याच्या वर गेली. अडीच अंशांची वाढ दुसऱ्या एखाद्या प्रदेशात झाली असती, तर कदाचित पिकांचे वेळापत्रक तेवढे बदलले असते. परंतु जेथे जमीन, दलदल, सरोवर आणि शिखर या सर्वांची घडण पाणी गोठलेले राहण्यावर अवलंबून आहे, तेथे शून्य ओलांडणे म्हणजे पायाच बदलणे होय. ही गोष्ट एका सहलीत कोणालाही दिसणार नाही, कारण एखादा उन्हाळा उबदार आणि पुढचा गार असू शकतो आणि डास, फुले व ऊन दरवर्षी कमीअधिक तसेच भासतात. वर्षावर्षांतील चढउतार आणि टिकाऊ बदल यांतील फरक ओळखता येतो तो शंभर वर्षांहून अधिक काळ न चुकता लिहिल्या गेलेल्या नोंदवह्यांमुळे, आणि अशा नोंदवह्या असलेली रानेच मुळात थोडी आहेत.