बोट गेलं, चूक कुणाची?

भोसरी-चाकणच्या पट्ट्यात पॉवर प्रेसवर काम करणाऱ्या पोरांना अपघात कसा होतो ते कुणी सांगावं लागत नाही. रॅम खाली येतो, हात मागे यायला क्षणभर उशीर होतो, एखाददुसरं पेर जातं. मग दवाखान्याच्या बाकावरच सुपरवायझर सुनावतो, ‘लक्ष तुझं नव्हतं, कंपनी काय करणार?’ वाईट हे की त्या पोरालाही ते पटतं.

कामगाराला सगळ्यात महागात पडणारा गैरसमज हाच. कामावर असताना आणि कामामुळे अपघात झाला का, एवढंच कायदा पाहतो. हे तत्त्व 1923 च्या नुकसानभरपाई कायद्यातलं. 21 नोव्हेंबर 2025 पासून तो कायदा सामाजिक सुरक्षा संहितेच्या सातव्या प्रकरणात सामावला, तरी गाभा तोच राहिला. कामगाराचा निष्काळजीपणा हा मालकाचा बचाव होऊ शकत नाही. दारू किंवा नशेमुळे अपघात झाला, सुरक्षेचा नियम जाणूनबुजून मोडला, संरक्षक साधन मुद्दाम काढलं, एवढेच अपवाद. त्यातही मृत्यू झाला किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं, तर हे बचावही चालत नाहीत.

‘मुद्दाम’ हा शब्द इथे नीट तपासावा लागतो. प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हात बटणांवर गुंतले की डायमध्ये हात राहूच शकत नाही. पण नग वाढवायचे म्हणून एक बटण चिकटपट्टीने दाबून ठेवलं जातं. ते कुणाच्या सांगण्यावरून आणि किती दिवसांपासून? कामगाराने मुद्दाम केलं, हे दाखवून देण्याची जबाबदारी मालकावर असते. त्यामुळे त्याच पाळीत मशीनचा मोबाइलवर काढलेला फोटो पुढे फार कामाला येतो.

‘मी तर ठेकेदाराचा माणूस, कंपनीच्या हजेरीवर माझं नावच नाही.’ असू दे. ज्या कंपनीच्या धंद्याचं काम चालू होतं, तिच्याकडेही भरपाई मागता येते. तिने ते पैसे ठेकेदाराकडून वसूल करावेत, तो त्यांचा आपसातला मामला. नैमित्तिक कामगारांना वगळणारी तरतूद 2000 साली काढून टाकली गेली. नेमणूकपत्र नसलं तरी हक्क जात नाही. मात्र काम करत होतो याचा पुरावा हवा: गेटपास, बँकेत जमा झालेला पगार, ‘उद्या सेकंडला ये’ असा सुपरवायझरचा मेसेज.

ईएसआय म्हणजे कर्मचारी राज्य विम्याबाबत घोळ जास्त होतो. महिन्याला 21,000 रुपयांपर्यंत पगार असेल आणि कारखाना ईएसआयखाली येत असेल, तर अपघाताचे लाभ ईएसआयकडून मिळतात. त्याच दुखापतीसाठी मालकाकडून वेगळी भरपाई मागता येत नाही. इतर आजारांसाठी अमुक दिवस वर्गणी भरलेली असावी लागते. कामावरच्या अपघाताला ती अट नाही, पहिल्या दिवशीचा अपघातही चालतो. बरं होईपर्यंत सरासरी रोजाच्या सुमारे 90 टक्के मिळतात, कायमचं अपंगत्व राहिलं तर दरमहा पेन्शन सुरू होते.

जिथे ईएसआय नाही, तिथे भरपाई गुणाकाराने निघते. जानेवारी 2020 च्या अधिसूचनेने हिशेबासाठी पगाराची कमाल मर्यादा 15,000 रुपये ठेवली. तीस वर्षांच्या कामगाराचे त्यातले 60 टक्के म्हणजे 9,000. त्याला वयाच्या गुणकाने, 207.98 ने, गुणलं की कायमच्या पूर्ण अपंगत्वाची रक्कम येते: 18,71,820 रुपये. अंगठा गेला तर याच्या 30 टक्के, म्हणजे 5,61,546. तर्जनी पूर्ण गेली तर 14 टक्के, एका हाताची चार बोटं गेली तर 50. दवाखान्याचा खरा खर्च याच्या वर वेगळा. दहा-वीस हजारांत ‘मिटवून टाक’ म्हणणाऱ्याला हे आकडे ठाऊक नसतात, असं मला तरी वाटत नाही.

तरी टक्क्यांचा तक्ता हा काही शेवटचा शब्द नाही. चित्रपटगृहात नक्षीकाम करणारा ओडिशातला एक सुतार पडला आणि त्याचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला. एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने ते 100 टक्के अपंगत्व मानलं. हा 1975 सालचा निकाल. रक्कम अपघाताच्या दिवसापासूनच देय होते, हेही त्यातच ठरलं.

गेटबाहेरचा अपघात मोजत नाहीत, असंही सर्रास सांगितलं जातं. 2003 साली आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याचा रखवालदार पहाटे तीनच्या पाळीसाठी दुचाकीवरून निघाला होता. कारखाना पाच किलोमीटरवर असताना तो अपघातात गेला. भरपाई ठरवणाऱ्या प्राधिकाऱ्याने कुटुंबाला 3,26,140 रुपये आणि व्याज मंजूर केलं, उच्च न्यायालयाने ते रद्द केलं. जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा दिलं. संहितेत तर कामावर जाता-येतानाच्या अपघाताची तरतूद आता स्पष्ट शब्दांतच आहे. मात्र वेळ, ठिकाण आणि काम यांचा संबंध दाखवावा लागतो. वाट वाकडी करून पाहुण्यांकडे गेलं आणि तिकडे अपघात झाला, तर दावा टिकणं कठीण.

राहिला सहीचा प्रश्न. ‘सगळे पैसे मिळाले, तक्रार नाही’ या कागदावर अंगठा दिला म्हणून हक्क संपत नाही. हक्क सोडून देणारा करार कायद्याने रद्दबातल असतो. मृत्यूच्या प्रकरणात तर मालकाने घरी जाऊन विधवेच्या हातात रोकड दिली म्हणून भरपाई चुकती झाली असं धरलं जात नाही. रक्कम प्राधिकाऱ्याकडेच जमा करावी लागते, वारसांना कुणाला किती ते तो ठरवतो. महिन्याभरात पैसे भरले नाहीत तर 12 टक्के व्याज लागतं. उशिराला सबळ कारण नसेल तर भरपाईच्या निम्म्यापर्यंत दंड, आणि तोही कामगाराला किंवा त्याच्या घरच्यांनाच मिळतो.