पडवीत मावणारा घाट

कोकण रेल्वेची आखणी झाली तेव्हा एक नियम घालून घेतला होता: वळणाची त्रिज्या १,२५० मीटरांच्या खाली जाऊ द्यायची नाही. उद्या गाड्या ताशी १६० किलोमीटरने पळवायच्या झाल्या तरी मार्ग आड येऊ नये, हा त्यामागचा हिशेब. हेच वळण मॉडेल रेल्वेच्या १:८७ या प्रमाणात घरात मांडायला घ्या. त्रिज्या येते १४ मीटरांच्या वर. गाडी नुसती फिरवून परत आणायची तरी २९ मीटर रुंदीचं खळं हवं. साडेसहा किलोमीटरचा करबुड्याचा बोगदा पाऊणशे मीटर होतो. आमच्या मालवणात एवढी जागा माडाच्या बागेत मिळेल, घरात नाही. म्हणून रुंद मापाची रेल्वे घरी करणारा प्रत्येक जण वळणाशी लबाडी करतो. चाळीस सेंटिमीटरच्या त्रिज्येत राजधानीचे लांबलचक डबे कोंबतो, आणि वळणावर त्या डब्यांची टोकं रुळांच्या बाहेर लोंबतात.

सिंधुदुर्गात आगगाडी आली तीच रुंद मापाची. १९९८मध्ये रोहा ते मंगळूर हा सगळा मार्ग देशाला अर्पण झाला. अरुंद गाडी या जिल्ह्याच्या वाट्याला आली नाही. मालवणकराला तर रुंद गाडीसाठीही कुडाळ किंवा कणकवली गाठावी लागते. तरीही इथल्या पडवीसाठी मी सुचवेन ती नेरळ-माथेरानची दोन फुटी मापाची गाडी, कारण लबाडी न करता घरात मावते ती हीच.

तिचा इतिहास थोडक्यात. सर आदमजी पीरभॉय यांनी पैसा घातला आणि त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांनी काम उभं केलं. १९०४मध्ये सुरुवात झाली आणि मार्च १९०७मध्ये गाडी धावली. खर्च १६ लाख रुपये, लांबी सुमारे २१ किलोमीटर. चढ १:२० पर्यंतचा, म्हणजे वीस मीटर पुढे जाताना एक मीटर वर. सर्वांत अवघड वळणांची त्रिज्या साठेक फूट, सव्वाअठरा मीटर. ही त्रिज्या १:७६ प्रमाणात आणली की २४ सेंटिमीटर भरते. अरुंद गाड्यांसाठी नऊ मिलिमीटरचे जे तयार रूळ मिळतात, त्यांचं नेहमीचं छोटं वळण नऊ इंचांचं, म्हणजे जवळपास २३ सेंटिमीटर. खऱ्या घाटाचं आणि खेळण्याचं वळण असं एकमेकांवर बसण्याचा योग मॉडेल रेल्वेत फार दुर्मीळ. दोन फुटांचे या प्रमाणात आठ मिलिमीटर व्हायला हवेत, रूळ आहेत नऊचे. हा एक मिलिमीटर सोडून द्यावा. डोळ्याला तो कळत नाही.

नऊ मिलिमीटरच का? १९६०च्या दशकात युरोपात १:१६० प्रमाणातल्या छोट्या गाड्या बाजारात आल्या. त्यांचे रूळ नऊ मिलिमीटरचे, इंजिनं काडेपेटीच्या मापाची. हौशी मंडळींनी त्या इंजिनांचा सांगाडा आणि मोटर घेतली आणि वर मोठ्या प्रमाणातलं धूड बसवलं. झाली अरुंद गाडी! इंग्लंडमध्ये १९७३मध्ये या छंदाची स्वतंत्र सोसायटीच निघाली. आजही माथेरानचं इंजिन करायचं तर हाच मार्ग सरळ आहे. सांगाडा विकत घ्यावा, धूड जाड पुठ्ठ्याचं किंवा त्रिमितीय छपाईचं करावं.

मूळचं इंजिन मात्र मन लावून पाहण्यासारखं आहे. बर्लिनच्या ओरेनस्टाइन अँड कोपेल कंपनीने माथेरानसाठी अशी चार इंजिनं बनवली. सहा चाकं, तिन्ही आस एकमेकांना दांड्यांनी जोडलेले. असं इंजिन साठ फुटी वळणात अडकायलाच हवं. म्हणून पुढचा आणि मागचा आस पोकळ नळीचा केला. चाकं त्या नळीवर आणि नळीच्या पोटात दुसरा आस. बाहेरच्या दांड्या फिरवतात त्या आतल्या आसाला, आणि मधल्या गोलसर सांध्यामुळे नळी चाकांसकट थोडी तिरकी होऊ शकते. क्लिएन-लिंडनर नावाची ही युक्ती. चारांपैकी ७४० क्रमांकाचं इंजिन पुढे इंग्लंडात लेटन बझर्ड इथे पोचलं. माथेरानच्या कामात एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरचाही हात होता. त्याआधी १८९७मध्ये बार्शी लाइट रेल्वे सुरू केली ती त्यानेच. कुठल्याही आसावर पाच टनांहून जास्त भार नको, हा त्याचा बार्शीचा मंत्र. उत्तरायुष्यात हा गृहस्थ वैमानिकांसाठी पॅराशूट बनवण्याच्या मागे लागला, तो एक निराळाच लेख होईल.

आता पडवीकडे. सगळा मार्ग करायचा हट्ट नको. १:७६ला तो पावणेतीनशे मीटर होतो आणि चढायला दहा मीटर उंची लागते. पाटासाठी फ्लश दरवाजाची फळी उत्तम, साडेसहा फूट बाय अडीच फूट. हलकी असते आणि सहसा वाकत नाही. २४ सेंटिमीटरच्या एका पूर्ण फेऱ्याची लांबी दीड मीटर. १:२०च्या चढाने तेवढ्यात गाडी साडेसात सेंटिमीटर वर जाते आणि आपल्याच रुळावरून पुलाने पलीकडे जाऊ शकते. खऱ्या माथेरानला असं वेटोळं नाही, तिथे घोड्याच्या नालेसारखी वळणं आहेत. दार्जिलिंगकडून उसनं घेतलेलं हे वेटोळं मी खुशाल चालवून घेतो. चढावर तीन-चार डब्यांच्या वर मात्र ओढायला लावू नये. हलकं इंजिन जागच्या जागी चाकं फिरवत बसतं.

डोंगराला माती बाहेरून आणायची गरज नाही. माथेरानचा माथा जांभ्याचा, आपलं अंगणही जांभ्याचं. चिरे फोडताना पडणारा भुगा चाळणीने गाळला की तांबडी धूळ आणि खडी एकदम मिळते, तीही हुबेहूब रंगाची. फक्त त्यावरून आधी लोहचुंबक फिरवावा. जांभ्यात लोह असतं, आणि चुंबकाला चिकटणारे कण मोटरीत गेले की मोटर गेली. किनाऱ्यावरची वाळू सरळ वर्ज्य. तिच्यातलं मीठ हवेतला ओलावा ओढत राहतं, मग ती कितीही बारीक आणि सुबक दिसो. डोंगराचा साचा पोरं दिवाळीत किल्ल्याला करतात तसाच: विटांच्या जागी थर्माकोलचे तुकडे आणि वर गोणपाट. चिखलाऐवजी तेवढं प्लास्टर घ्यायचं.

आमच्याकडे ही मांडामांड बघून शेजारची काकी म्हणाली, "गणपतीक अजून दोन म्हयने आसत, आताच देखावो?" देखावा म्हटलं तर देखावाच. महाराष्ट्रात या छंदाला सर्वांत मोठं रूप दिलं ते पुण्याच्या भाऊसाहेब जोशींनी. हलत्या गाड्या, सिग्नल, उड्डाणपूल असं अख्खं शहर त्यांनी उभं केलं, आणि १९९८पासून कोथरूडला त्याचं संग्रहालय आहे. जमल्यास आधी तिथे अर्धा दिवस काढावा.

किनाऱ्यावर खरा वैरी खारी हवा. पितळी रूळ स्वस्त पडतात, पण त्यांच्यावर चढणारा काळा थर वीज अडवतो आणि गाडी आचके देत चालते. निकेल सिल्व्हरचे घ्यावेत. नावात चांदी असली तरी तो तांबं, जस्त आणि निकेल यांचा मिश्रधातू, आणि त्याच्यावरचा थर एवढा आडवा येत नाही. सांध्याच्या पट्ट्यांवर विश्वास ठेवू नये. रुळाच्या प्रत्येक तुकड्याला खालून स्वतंत्र वायर डाग देऊन जोडावी, म्हणजे सांधा गंजला तरी बारा व्होल्ट पुढे जातात. वाळवीसाठी फळीखालच्या चौकटीला काजूच्या टरफलाच्या तेलाचा हात द्यावा. ते कातडी भाजतं, तेव्हा हातमोजे घालून.

राहिला पावसाळा. नेरळ ते माथेरानच्या अलीकडचं अमन लॉज स्टेशन हा टप्पा पावसात बंदच असतो. जुलै २००५च्या पावसाने तर हा मार्ग जागोजाग वाहून नेला. तो २००७मध्ये, शताब्दीच्या वर्षी, पुन्हा चालू झाला. २०१९च्या पावसानेही असाच घात केला आणि पूर्ण मार्गावर गाडी परतायला २०२२चा ऑक्टोबर उजाडला. वरची अमन लॉज-माथेरान शटल मात्र भर पावसातही चालते. म्हणून तेवढा भाग वेगळ्या फळीवर करावा, चार फूट लांब आणि नऊ इंच रुंद, माजघरातल्या कपाटावर बसेल असा. दोन टोकांना दोन स्टेशनं, सपाट सरळ मार्ग. जून उजाडला की पडवीतला घाट ताडपत्रीखाली जातो, आणि शटल सप्टेंबरपर्यंत कपाटावर चालू राहते.